जुन्या ट्रकची ताकद वाढवताना डिझेल पंप कसा निवडायचा

खंबाटकीला लोड गाडी दुसऱ्या गिअरमध्ये रडायला लागली की मालकाच्या डोक्यात पहिला विचार येतो तो मोठ्या पंपाचा, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या इंजेक्शन पंपाचा. दुसरा विचार त्याहून स्वस्त असतो: सील तोडायचं, फुल लोडचा स्क्रू दोन आटे फिरवायचा आणि निघायचं. दोन्हींत एकच चूक आहे. डिझेल किती जाळायचं हे पंप ठरवत नाही, सिलिंडरमध्ये आलेली हवा ठरवते. म्हणून पंपाची निवड पंपवाल्याच्या काउंटरवर नाही, कागदावर सुरू करायची.

उदाहरणाला टाटाचं ६९७ घेऊ. सहा सिलिंडर, ९७ मिलिमीटर बोअर, म्हणून ६९७. स्ट्रोक १२८, एकूण ५.६७५ लिटर. समजा गाडी आज साधारण १३० पीएस देते आणि तुम्हाला २४०० आरपीएमला १६० हवेत. १६० पीएस म्हणजे सुमारे ११८ किलोवॅट. या जातीचं जुनं इंजिन किलोवॅट-तासाला २२५ ग्रॅमच्या आसपास डिझेल खातं, म्हणजे तासाला साडेसव्वीस किलो. फोर स्ट्रोकमध्ये पंप इंजिनाच्या निम्म्या वेगाने, म्हणजे १२०० आरपीएमने फिरतो. सहा सिलिंडर गुणिले १२०० गुणिले ६० मिनिटं, म्हणजे तासाला ४,३२,००० फवारे. भागाकार केला की एका फवाऱ्याला ६१ मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे ७४ घनमिलिमीटर. टेस्ट बेंचच्या, म्हणजे पंप मोजून लावायच्या यंत्राच्या, भाषेत हजार स्ट्रोकला ७४ सीसी. हाच हिशेब १३० पीएससाठी केला तर उत्तर ६० सीसी येतं.

आता हवा. टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर जास्त हवा दाबून भरणारा पंखा) नसेल तर एका सिलिंडरमध्ये एका वेळी साधारण ०.९२ ग्रॅम हवा शिरते. ६० सीसीला हवा आणि डिझेलचं प्रमाण साडेअठराच्या आसपास राहतं, म्हणजे धुराच्या उंबरठ्यावर. ७४ सीसी ओतलं तर ते १५ वर येतं आणि गाडी कात्रजच्या चढावर डांबराच्या भट्टीसारखी धुमसते. शिवाय पुणे समुद्रसपाटीपासून ५६० मीटर उंचीवर आहे, इथली हवा मुंबईपेक्षा पाचेक टक्के विरळ. भिवंडीत साफ चालणारं कॅलिब्रेशन (पंपाला लावलेलं डिझेलचं माप) इथे धूर काढतं ते यामुळे. म्हणून टर्बो नसलेल्या गाडीला पुण्यात ५६-५७ सीसीच्या पुढे नेण्यात अर्थ नाही. तिला मोठा पंप लागतच नाही. असलेला पंप बेंचवर नीट लावून घेतला आणि नोझल बदलले की बहुतेक तक्रार मिटते.

टर्बो असेल, किंवा बसवणार असाल, तर गोष्ट वेगळी. आपल्या १६० पीएसच्या उदाहरणात इंटरकूलरशिवाय (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीशिवाय) ०.७ बार तरी बूस्ट, म्हणजे टर्बोचा हवेचा दाब, लागेल. पण नुसता टर्बो टांगून भागत नाही. ज्या इंजिनाची कंपनीची टर्बो आवृत्ती आहे, तिचेच पिस्टन, रिंग आणि हेड गॅस्केट घ्या. त्याच आवृत्तीचा पंप शोधा. आमच्या मते दहापैकी नऊ गाड्यांसाठी हाच योग्य पंप असतो, कारण त्याचा कॅम, गव्हर्नर (वेग सांभाळणारा भाग) आणि बूस्ट कंट्रोल त्याच इंजिनासाठी जुळवलेले असतात आणि टायमिंग गिअरही न झगडता बसतो.

मोठ्या प्लंजरबद्दलचा गैरसमज

लोक समजतात की डिझेल जास्त हवं तर प्लंजर, म्हणजे पंपातला डिझेल ढकलणारा दांडा, मोठा हवा. ९ मिलिमीटर प्लंजरचं क्षेत्रफळ ६३.६ चौरस मिलिमीटर. ७४ घनमिलिमीटर डिझेल ढकलायला कागदावर त्याला जेमतेम १.२ मिलिमीटर स्ट्रोक पुरतो. ए टाइप पंपाची (बॉशच्या इनलाइन पंपांची लहान जात) एकूण लिफ्टच ८ मिलिमीटर आहे. ८ चा प्लंजरही तेवढं डिझेल देईल, फक्त १.५ मिलिमीटर चालून. म्हणजे प्रश्न किती डिझेल याचा नसून किती वेळात हा आहे. ८ वरून ९ वर गेलं की तेच डिझेल सुमारे २१ टक्के कमी कॅम-अंशात आत जातं. फवारा लांबला की शेवटचं डिझेल पिस्टन खाली जाताना जळतं, ताकद चाकाला न मिळता एक्झॉस्टमध्ये उष्णता म्हणून जाते, आणि टर्बोसह व्हॉल्व्ह भाजतात.

मात्र मोठा प्लंजर दाब आणि कॅमवरचा भार दोन्ही वाढवतो. इथे पंपाची जात मोजायची. बॉशच्या तक्त्यांत ए टाइप साधारण ७५० बारपर्यंत आणि सिलिंडरमागे सुमारे २७ किलोवॅटपर्यंत. त्याहून मोठी एमडब्ल्यू जात ११०० बार. सगळ्यात दणकट पी जातीतला पी-७१०० साधारण १२०० बार आणि सिलिंडरमागे सुमारे ५५ किलोवॅट. आपल्या उदाहरणात सिलिंडरमागे २० किलोवॅटही होत नाहीत. ए टाइप आरामात पेलतो. सहा सिलिंडरला हिशेबाने २२० पीएसपर्यंत तो जाईल, पण रोज घाट चढणाऱ्या गाडीला आम्ही १८० च्या पुढे ए वर विसंबणार नाही. त्यापुढे पी घ्या, जसा काही सहा सिलिंडर कमिन्सवर येतो. पी जड असतो, त्याला मागून आधाराचा ब्रॅकेट लागतो, पाइपांचे नट बहुधा वेगळे आणि ड्राइव्हही वेगळा. वीस पीएससाठी एवढी उठाठेव करू नये.

रोटरी व्हीई पंपात एकच प्लंजर सगळ्या सिलिंडरना पुरवतो आणि आतला प्रत्येक भाग डिझेलवरच वंगण घेतो. हलक्या गाडीला तो ठीक. जास्त डिझेल, जास्त उष्णता आणि थोडं रॉकेल मिसळलेलं डिझेल या तिन्हींत हेड आणि प्लंजर जॅम होतात. लोड ट्रकला इनलाइनच, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला वेगळा प्लंजर असलेलाच, बरा.

प्लेट वाचल्याशिवाय पैसे देऊ नका

जुन्या बाजारात किंवा भंगारात पंप स्वस्त मिळतो, पण कोणत्या इंजिनाचा हे विकणाऱ्याला क्वचितच ठाऊक असतं. पंपाच्या अंगावरची प्लेट पॉलिश पेपरने नाही, डिझेलच्या फडक्याने पुसा. अक्षरं उथळ असतात. त्यावर ‘पीईएस ६ ए ९० डी’ अशा धर्तीचं काहीतरी असेल. पीईएस म्हणजे फ्लँजवर बसणारा आणि स्वतःचा कॅमशाफ्ट असलेला. नुसतं पीई असेल तर खालून बेडवर बसणारा. ६ सिलिंडर, ए जात, ९० म्हणजे ९.० मिलिमीटर प्लंजर. पुढच्या अक्षरांत आर असेल तर ड्राइव्हच्या बाजूने पाहता घड्याळाच्या दिशेने फिरणारा, एल असेल तर उलटा. उलटा पंप बसवता येत नाही, आणि ते फिटिंगच्या दिवशी कळण्यात काही मजा नाही.

गव्हर्नरची प्लेट जास्त फसवते. तिथले आकडे पंपाच्या आरपीएमचे असतात. ‘आरएसव्ही ३२५-१२००’ म्हणजे इंजिनाचे ६५० ते २४००. ७५० वर लावलेला पंप दिसला तर तो १५०० आरपीएमच्या जनरेटरचा आहे. तो ट्रकला बसेल, आयडल घेईल, आणि १५०० च्या पुढे गाडी एक इंच वर जाणार नाही. ट्रकला आरक्यू जातीचा, म्हणजे फक्त आयडल आणि कमाल वेग सांभाळणारा गव्हर्नर पायाला सरळ वाटतो. आरएसव्ही आणि आरक्यूव्ही सगळ्या वेगांवर लक्ष ठेवतात; चालतात, पण पेडलचा अंदाज बदलतो.

टर्बोच्या गाडीला गव्हर्नरवर बूस्ट कंट्रोल हवंच. आत रबरी डायफ्राम असतो. बूस्ट आल्यावर तो रॅकला, म्हणजे डिझेलचं माप कमी-जास्त करणाऱ्या दांडीला, पुढे जाऊ देतो. डायफ्राम फाटला की बूस्ट असूनही गाडी मंद राहते. कोणी तो काढून जागा पट्टीने बंद केली असेल, तर क्लच सोडताच काळा ढग. बूस्ट शून्य असताना ५५-५६ सीसी आणि पूर्ण बूस्टला ७४ असं लावून घ्या.

बेंचवर काय सांगायचं

भोसरी, पिंपरी, निगडी ट्रान्सपोर्टनगर या पट्ट्यात बेंचवाले भरपूर आहेत. ‘गाडी पळाली पाहिजे’ एवढंच सांगितलंत तर तो स्क्रू फिरवून देईल. लेखी चार्ट मागा: कॅलिब्रेशन ऑइल ४० अंशांवर असताना आयडलला, पंपाच्या ८०० आरपीएमला, १२०० ला आणि कटऑफला (गव्हर्नर डिझेल तोडतो तिथे) प्रत्येक सिलिंडर हजार स्ट्रोकला किती देतो. घाटात ताकद लागते ती इंजिनाच्या १५००-१७०० ला, म्हणून ८०० चा आकडा १२०० च्या आकड्याहून किंचित जास्त असावा. सहा सिलिंडरमधला फरक दोन-तीन सीसीच्या आत हवा, आणि फेजिंग, म्हणजे एका फवाऱ्यापासून पुढच्यापर्यंतचं अंतर, ६० अंश, अर्ध्या अंशाच्या सूटीने.

ए टाइपचं बाजूचं झाकण उघडलं असेल तर डोकावून बघा. रॅकच्या दातांत अडकलेले सहा छोटे दातेरी तुकडे आणि प्रत्येकावर एक बारीक क्लॅम्प स्क्रू दिसेल. एक स्क्रू ढिला करून बाही (प्लंजर फिरवणारी नळी) किंचित फिरवली की तेवढ्याच सिलिंडरचं डिझेल कमी-जास्त होतं. हाच स्क्रू नीट आवळला नसेल तर बाही चालताना सरकते आणि तो एक पिस्टन महिनाभरात वितळतो. डिलिव्हरी व्हॉल्व्हचे होल्डर टॉर्क रेंचनेच आवळून घ्या. जास्त आवळले तर बॅरल (प्लंजर ज्यात चालतो ती नळी) किंचित दबतं आणि प्लंजर अडखळतो. सगळं आवळून झाल्यावर रॅक बोटाने सरकायला हवा, कुठेही न अडकता. अडकणारा रॅक म्हणजे न थांबणारं इंजिन.

पंप वाढवलात तर फीड पंपही (टाकीतून डिझेल ओढून देणारा छोटा पंप) तपासा. ए ला गॅलरीत (पंपाच्या आतल्या डिझेलच्या वाटेत) साधारण १ बार तरी टिकला पाहिजे, पी ला दीडच्या वर. फुल लोडला दाब पडला तर वरच्या आरपीएमला ताकद गायब होते आणि दोष मात्र पंपावर येतो. ओव्हरफ्लो व्हॉल्व्हची स्प्रिंग पन्नासदा तपासली तरी कमीच.

बसवताना

फायरिंग ऑर्डर १-५-३-६-२-४. एक नंबरचा पिस्टन कॉम्प्रेशनला आणून, फ्लायव्हीलची खूण मॅन्युअलमधल्या अंशावर ठेवून पंप जोडा. एक नंबरच्या होल्डरखालचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह आणि स्प्रिंग काढा, होल्डर परत लावून वर वाकडी नळी जोडा, रॅक फुल लोडला ठेवून हाताने फीड पंप मारा. डिझेलची धार थेंबावर येते तो क्षण म्हणजे पोर्ट (डिझेल आत येण्याचं भोक) बंद होण्याचा, फवारा सुरू होण्याचा. पंपाची बॉडी फ्लँजच्या लांबट भोकांत सरकवून तो क्षण खुणेवर आणा. मग व्हॉल्व्ह परत बसवायला विसरू नका. हे खरंच घडतं.

पंपाच्या कॅम कोठडीत लेव्हल प्लगपर्यंत इंजिन ऑइल भरा. सहाही हाय प्रेशर पाइप सारख्या लांबीचे हवेत. नोझलखालची तांब्याची वायसर नवी. हवा आधी फिल्टरची, मग गॅलरीची, शेवटी नोझलकडचे नट ढिले करून स्टार्टरवर काढा. पहिल्या स्टार्टला एअर क्लीनरचा होज काढून ठेवा आणि एका माणसाच्या हातात जाड प्लायवूडचा तुकडा द्या. इंजिन पळत सुटलं तर इनटेकवर प्लाय दाबायचा, हात नाही.

कर्कश खडखड आली तर टायमिंग पुढे आहे. गरम झाल्यावरही पांढरा धूर राहिला तर मागे. टर्बोच्या आधी पायरोमीटर (एक्झॉस्टचं तापमान दाखवणारा मीटर) बसवा आणि लांब चढावर ७०० अंशांच्या वर काटा टिकू देऊ नका. टिकत असेल तर बेंचवर जाऊन दोन-तीन सीसी कमी करा.

कागदांचंही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली आरसीवरच्या तपशिलाला धक्का लागेल असा बदल परवानगीशिवाय चालत नाही, म्हणून टर्बो किंवा इंजिन बदलण्याआधी आरटीओत विचारा. बीएस चारच्या आधीच्या डिझेल गाडीला पीयूसीची धुराची मर्यादा धूरमापकावर २.४५ (प्रति मीटर) आहे. बूस्ट कंट्रोल बंद केलेली गाडी उभ्या जागी ॲक्सिलरेटर दाबला की ती बहुधा ओलांडते.

पाचशे किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा तपासा, फिल्टर बदला आणि पंपाची ऑइल लेव्हल बघा. लेव्हल वाढलेली आणि ऑइल पातळ असेल तर प्लंजरमधून किंवा फीड पंपाच्या रॉडमधून डिझेल खाली उतरतंय. पंपाचं ऑइल इंजिनाशी जोडलेलं असेल तर तेच डिझेल बेअरिंगपर्यंत पोचतं. गाडी त्याच दिवशी उभी करा.