मुंबईहून निलगिरी ताहर बघायला जायचं तर

आधी तारीख बघा, मग तिकीट काढा. केरळात मुन्नारजवळचं एराविकुलम राष्ट्रीय उद्यान ताहरच्या, म्हणजे शेळीसारख्या दिसणाऱ्या डोंगरी जनावराच्या, विणीसाठी साधारण फेब्रुवारी-मार्च असे दोन महिने बंद असतं. नक्की तारखा दर वर्षी जाहीर होतात. आमच्या डोंबिवलीच्या भिशीतल्या बायका हॉटेल स्वस्त मिळतंय म्हणून नेमका फेब्रुवारी धरून बसल्या होत्या. तो बेत मी हाणून पाडला. पोरांच्या मेच्या सुट्टीत जा. तोवर थंडीअखेर जन्मलेली पिल्लं आयांच्या मागेपुढे धडपडायला लागलेली असतात. जून ते ऑगस्ट मात्र नको. धुक्यात शेजारची बाई दिसत नाही, ताहर कुठला दिसायला!

नेत्रावती एक्सप्रेस ठाण्याला किंवा पनवेलला पकडा आणि दुसऱ्या दिवशी आलुव्याला उतरा. तिथून मुन्नार चार-एक तास, पुढचा भाग घाटाचा. ज्यांना गाडी लागते त्यांनी आवळासुपारी पर्समध्ये वरच ठेवावी.

उद्यानात खासगी गाडी जात नाही. वनखात्याची बस राजमलापर्यंत सोडते, पुढे डांबरी चढावर पायी. तिकीट ऑनलाइन काढून ठेवा आणि सकाळची पहिली वेळ घ्या. ऊन चढलं की कळप कड्यांच्या सावलीला जातात. प्लॅस्टिकला बंदी आहे, तेव्हा बाकरवडीचं पाकीट हॉटेलवरच राहू द्या.

पहिला ताहर दिसला की कुणीतरी म्हणतंच, ‘अगं, ही तर शेळी!’ शेळी म्हणून बघितलंत तर दोन मिनिटांत कंटाळाल. त्यापेक्षा म्हातारा नर शोधा. अंग गडद तपकिरी, जवळजवळ काळं, आणि पाठीवर घोंगडी टाकावी तसा रुपेरी पट्टा. माद्या करड्या आणि अंगाने लहान. शिंगं दोघांनाही असतात, मागे वळलेली, बिनपिळाची. स्क्रूसारख्या पिळाची शिंगं दिसली तर तो मारखोर. पाकिस्तानचा राष्ट्रीय प्राणी, आपल्याकडे फक्त काश्मीरात. व्हॉट्सॲपवर कुणी ताहर म्हणून फोटो पाठवला तर आधी शिंगं बघावीत.

आता मुख्य काम: एका वळणावर कठड्याला टेकून गप्प उभं राहायचं. निदान वीस मिनिटं. वर-खाली पळत सुटलात तर फक्त पाठी दिसतील. थांबलात तर कळप चरत चरत आपणहून रस्त्याशी येतो, इतका जवळ की गवत उपटल्याचा कुरकुर आवाज ऐकू येतो. बाकीचे खात असताना बहुतेकदा एखादी मादी उंचवट्यावर उभी राहून राखण करत असते. तिच्यावर नजर ठेवा. तिने मान ताठ केली की पिल्लं आधी आईकडे बघतात, मग पळायचं की नाही ते ठरतं. धोका वाटला की ताहर शिट्टी मारतो.

एवढे बिनधास्त का? इथे पूर्वी चहामळेवाल्या साहेबांच्या शिकारी संघटनेचं राखीव रान होतं आणि मुथुवन आदिवासी त्याची राखण करत. स्वतःच्या बंदुकीसाठी राखलेलं रान, पण जनावर वाचलं ते त्यामुळेच, हे मला अजून पचत नाही. 1975 मध्ये अभयारण्य झालं, 1978 मध्ये राष्ट्रीय उद्यान. आज केरळातले निम्म्याहून अधिक ताहर इथेच आहेत. गंमत म्हणजे आपलं जसं शेकरू, तसा ताहर राज्यप्राणी तमिळनाडूचा! त्यांनी 2022 मध्ये त्याच्यासाठी खास प्रकल्प काढला आणि 1975 च्या सुमारास ताहर मोजत डोंगर तुडवणाऱ्या ई. आर. सी. डेव्हिडार यांच्या स्मरणार्थ 7 ऑक्टोबर हा ताहर दिवस ठरवला. दोन्ही राज्यांत मिळून जेमतेम अडीच-पावणेतीन हजार जनावरं. उघडं गवताळ माथं हेच त्यांचं घर, आणि त्यातलं बरंचसं चहा, निलगिरी आणि वॅटल नावाच्या परदेशी बाभळीच्या लागवडीखाली गेलं.

म्हणून जवळ आला तरी हात लावायचा नाही, बिस्कीट द्यायचं नाही. शिंग धरून सेल्फी काढणं तर थेट गुन्हा आहे. वाघाला जे कायद्याचं संरक्षण, तेच यालाही.

उद्यान बंद असताना जावंच लागलं तर कोइंबतूरकडून वालपराईचा घाट धरा. चाळीस वळणांचा रस्ता आहे, आणि नवव्या वळणापाशी ताहर पुष्कळदा कठड्यावरच उभे असतात. ड्रायव्हरला आधीच सांगून ठेवा: हॉर्न नाही, गाडी कडेला, आणि दार उघडायचं नाही.