आपले काम पुढे कुठे जाते ते पाहून यावे

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतीव कामाच्या कारखान्यात, मोल्डिंगच्या (वाळूचे साचे घडवण्याच्या) लाईनवर मी नऊ वर्षे काढली आणि त्यांतली पहिली चार वर्षे आपण दिवसभर नेमके काय बनवतो हे मला ठाऊक नव्हते. पॅटर्नचा, म्हणजे ज्यावरून साचा उठवतात त्या नमुन्याचा, नंबर पाठ होता, वाळूत ओल बेताची आहे की नाही हे मुठीत दाबून कळत होते, पण कास्टिंग (साच्यातून निघालेला ओतीव भाग) फेटलिंगला, म्हणजे घासूनपुसून साफ करायला, गेले की आमचा त्याच्याशी संबंध संपत असे. पगार वेळेवर होत होता, सोबती चांगले होते, तरीही सकाळी पिरनवाडीहून सायकल बाहेर काढताना जिवावर येई. काम आवडत नाही, असे मी तेव्हा म्हणत असे. खरे तर माझे काम शेवटी कुठे पोहोचते ते मला दिसत नव्हते, आणि पुढे जे सांगणार आहे ते मुख्यतः याच एका गोष्टीबद्दल आहे.

सुरुवात मात्र तक्रारींची वर्गवारी करण्यापासून करावी. पंधरा दिवस एका वहीत रोज दोन ओळी लिहाव्यात: आज कशाने त्रास झाला आणि आज कशाने बरे वाटले. फ्रेडरिक हर्झबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने पिट्सबर्ग परिसरातील अभियंते व हिशेबनीस यांच्या मुलाखती घेऊन 1959 मध्ये असे मांडले, की पगार, साहेबाची वागणूक, नियम, कामाची जागा या गोष्टी बिघडल्या तर माणूस नाराज होतो, परंतु त्या सुधारल्या म्हणून तो समाधानी होतोच असे नाही. समाधान येते ते काम तडीस नेल्यामुळे, त्याची दखल घेतली गेल्यामुळे आणि अंगावर जबाबदारी आल्यामुळे. माणसे चांगल्याचे श्रेय स्वतःकडे घेतात व वाइटाचा दोष परिस्थितीला देतात, त्यामुळे त्या मुलाखतींवर आक्षेपही पुष्कळ आले. तरीही वहीचे दोन रकाने करायला ही विभागणी पुरेशी उपयोगी आहे.

त्रासाच्या रकान्यातल्या गोष्टींना तत्त्वज्ञानाचा मुलामा देऊ नये. पीएफ भरला जात नसेल, जादा कामाचा दुप्पट दर मिळत नसेल, धुळीसाठी मास्क मिळत नसेल, तर ते हक्काने मागावे, एकट्याने जमत नसेल तर चौघांनी मिळून मागावे. आपल्या सीमाभागात या रकान्यात आणखी एक नोंद हमखास येते, ती म्हणजे कन्नडमधली नोटीस किंवा फॉर्म दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागणे. मराठीचा अभिमान आपल्या जागी आहेच, आणि तो मलाही आहे, पण स्वतःच्या रजेचा अर्ज शेजाऱ्याकडून भरून घेताना माणूस रोज थोडा लहान होतो. मी लिपी शिकलो, बसच्या पाट्या वाचत वाचत, आणि तो त्रास वहीतून कायमचा गेला.

आता बरे वाटण्याचा रकाना. तो बहुधा रिकामा राहतो, आणि खरे काम तिथेच आहे. हॅकमन आणि ओल्डहॅम या दोघा अभ्यासकांनी 1976 मध्ये कामाचे पाच गुण सांगितले: कौशल्यांतले वैविध्य, काम अथपासून इतिपर्यंत ओळखता येणे, त्याचा दुसऱ्यांवर होणारा परिणाम, स्वतः ठरवण्याची मुभा, आणि काम कसे झाले हे कळणे. त्यांच्या सूत्रात पहिल्या तिन्हींची सरासरी काढून तिला उरलेल्या दोहोंनी गुणतात. म्हणजे काम कसे झाले हे अजिबात कळत नसेल, तर बाकी सगळे असूनही गुणाकार शून्य येतो. सूत्र इतक्या काटेकोरपणे लावू नये हे खरे, पण माझी चार वर्षे मला त्यात दिसली.

पाचव्या वर्षी रिजेक्शन (नापास होऊन परत येणारा माल) वाढले म्हणून सुपरवायझरने मला ग्राहकाच्या मशीन शॉपमध्ये पाठवले. तिथे आमच्या व्हॉल्व्हची बॉडी मशीनच्या चकवर, म्हणजे माल पकडून फिरवणाऱ्या जबड्यात, चढवलेली होती, वरून अगदी गुळगुळीत. पहिला कट साफ गेला. दुसऱ्या कटात टाचणीच्या डोक्याएवढी चार-पाच भोके उघडी पडली. "हे बघा की हो, वाळूत पाणी जास्त झालंय, गॅसला वाटच मिळाली नाही," मशीनवरचा माणूस म्हणाला, आणि राग न धरता मला टेस्ट बेंचपाशी घेऊन गेला. तिथे तशीच एक चांगली बॉडी दाबाखालच्या तेलाने भरलेली होती आणि तिच्या बाहेरच्या अंगावर एक थेंबही नव्हता. दुसऱ्या दिवसापासून साच्याला व्हेंट (गॅस बाहेर जाण्याची भोके) मारताना माझा हात वेगळा चालू लागला. पगार तोच होता.

म्हणून पहिली मागणी पगारवाढीची असो वा नसो, आपल्या कामाची पुढची पायरी पाहण्यासाठी अर्धा दिवस जरूर मागावा. रिजेक्शनचे कारण पुढे केले की साहेब सहसा नाही म्हणत नाही. वडगाव-शहापूरच्या विणकराने साडी जिथे विकली जाते त्या दुकानात तासभर बसावे, कार्यालयातल्या कारकुनाने आपण मंजूर केलेल्या अर्जाचे पुढे काय झाले ते विचारावे.

असे पाहणे रोज शक्य नसते, म्हणून रोजचा एक आकडा स्वतःपुरता लिहून ठेवावा. मी साच्यांची संख्या लिहीत नसे, ती मालकाची चिंता. मशीन शॉपमधून परत न आलेली कास्टिंग्ज मी मोजत असे. तेरेसा अमाबिले आणि स्टीव्हन क्रेमर या दोघा संशोधकांनी 7 कंपन्यांतील 238 जणांच्या जवळजवळ 12,000 रोजनिशी-नोंदी तपासल्या, तेव्हा चांगल्या दिवसांमागे सर्वांत जास्त वेळा आढळले ते अर्थपूर्ण कामातले पुढे पडलेले पाऊल, मग ते लहान का असेना. ती माणसे टेबलावर बसून काम करणारी होती, पण भट्टीपाशीही हे लागू पडते असा माझा अनुभव आहे.

स्वतः ठरवण्याची मुभा हळूहळू मिळवावी. एका वेळी एकच बदल सुचवावा आणि तो आठवडाभर करून दाखवावा. नव्या पोराला शिकवण्याचे काम आपणहून मागून घ्यावे.

सहा महिने हे सगळे करूनही दुसरा रकाना कोराच राहिला, तर जागा बदलण्याचा विचार अवश्य करावा. खानापूर तालुक्यातून कितीतरी जण चोर्ला घाट उतरून गोव्याला जातात, आणि घराचा हप्ता थकला असेल तर ते योग्यच आहे. मात्र वाढीव पगाराची सवय लवकर होते, त्यामुळे नव्या ठिकाणी मुलाखतीला जाल तेव्हा रकमेबरोबर हेही विचारावे, की इथून निघालेला माल कुठे जातो आणि तो परत आला तर कोणाला दाखवतात. परत आलेला माल कामगाराला दाखवत नाहीत असे उत्तर मिळाले, तर रक्कम पुन्हा एकदा नीट मोजून पाहावी.