बीसीडी घेण्याआधी शिसं मोजा

मालवणच्या समुद्रात डायव्हिंग शिकले तेव्हा माझ्या कमरेला 8 किलो शिसं होतं. 3 मिमीचा सूट असताना मला 4 किलो पुरतं, हे पुढे कळलं. तो जादाचा भार पेलायला मी जॅकेटमध्ये हवा भरायचे; हवा भरून-सोडून पाण्यात तरंग सांभाळणाऱ्या बीसीडीचा हा एक प्रकार. थोडं वर आलं की ती हवा फुगायची आणि मला आणखी वर न्यायची. सोडली की मी धपकन खाली. दोष जॅकेटचा वाटायचा, होता शिशाचा.

म्हणून आधी वजन मोजा. सिलिंडरमध्ये हवेचा दाब 50 बार उरला असताना बीसीडी पूर्ण रिकामी करून पाण्यात उभे राहा. नेहमीइतका श्वास आत असताना पाणी डोळ्यांच्या रेषेत हवं, सोडल्यावर सावकाश बुडायला हवं. भरलेल्या सिलिंडरवर हे मोजू नका: 11.1 लिटरच्या सिलिंडरमध्ये 200 बारला जवळपास पावणेतीन किलो हवा असते. ती संपत आली की ॲल्युमिनियमचा सिलिंडर तरंगू लागतो.

आता बीसीडीला किती लिफ्ट, म्हणजे वर उचलायची ताकद, हवी? ही हवा आणि खोलवर दबून सूटचा जाणारा तरंग, एवढंच भरून काढायचं असतं. आपल्या कोमट पाण्यात एका सिलिंडरला 13-14 किलो उचलणारी विंग (हवेची पिशवी फक्त पाठीमागे असलेली बीसीडी) भरपूर झाली. मोठी घेतली तर रिकामी कापडं पाण्यात फडफडतात आणि हवा कोपऱ्यात अडकते.

जॅकेट पाण्यावर बोटीची वाट बघताना सुखाचं, पण गच्च भरलं की छाती आवळतं. विंग खाली शरीर छान आडवं ठेवते. वर मात्र जास्त भरली तर तोंड पुढे ढकलते. मी विंगच वापरते, वर आल्यावर थोडी कमी भरते आणि मागे रेलते.

विंग जिच्यावर बसते ती पाठीवरची पाटी म्हणजे बॅकप्लेट. स्टीलची बॅकप्लेट अडीच-तीन किलोची, तेवढं शिसं कमी लागतं. पण अडचणीत ती टाकून देता येत नाही, म्हणून थोडं शिसं सुटणारं ठेवाच. विमानाने अंदमानला जाणार असाल तर ॲल्युमिनियमची बरी.

दुकानात सूट चढवून माप बघा. पट्टे आवळून कुणाला तरी खांद्याजवळून वर ओढायला सांगा. बीसीडी कानापर्यंत आली तर ती मोठी आहे. मग हात मागे नेऊन, न बघता, कमरेजवळच्या, हवा सोडायच्या डंप व्हॉल्व्हची दोरी सापडते का ते पाहा.