बॉल पायात नसताना काय करायचं?

फुटबॉलच्या ९० मिनिटांच्या सामन्यात एका खेळाडूच्या पायात बॉल असतो तो फार तर दोन-तीन मिनिटं. उरलेला सगळा वेळ हौशी खेळाडू बॉलमागे पळण्यात घालवतात आणि दम लागला की कमरेवर हात ठेवून उभे राहतात. खरा खेळ त्या वेळातच असतो.

आक्रमण करताना

१. पास येण्याआधी मान वळवा. बॉल एका साथीदाराकडून दुसऱ्याकडे जात असतो, तेव्हा दोन्ही खांद्यांवरून मागे बघून घ्या. बॉल पायात आल्यावर बघू म्हणाल, तर उशीर झालेला असतो.

२. डिफेंडरच्या पाठीकडच्या बाजूला उभे राहा. बॉल आणि तुम्ही, दोन्ही त्याला एका नजरेत दिसता कामा नयेत. तुमच्याकडे बघायला त्याने मान वळवली की तेवढा वेळ बॉल त्याच्या नजरेआड जातो.

३. हूल द्या. पास पुढे हवा असेल तर आधी दोन-तीन पावलं बॉलच्या दिशेने या. डिफेंडर तुमच्यासोबत आला की झटकन वळून सुटा. पायात हवा असेल तर याच्या उलट करा.

४. वेळ साधा. सगळ्यात अवघड काम हेच, आणि वेगापेक्षा कितीतरी महत्त्वाचं. साथीदार मान खाली घालून बॉल ताब्यात घेत असेल, तर तुमची धाव त्याला दिसणारच नाही. त्याने बॉल थोडा पुढे ढकलला, मान वर केली, की निघा. ऑफसाइड, म्हणजे गोलकीपर सोडून समोरच्या शेवटच्या डिफेंडरच्याही पुढे असणं, ठरते ती साथीदाराचा पाय बॉलला लागतो त्या क्षणी. बॉल तुमच्यापर्यंत पोहोचतो तेव्हा नाही. म्हणून सुरुवातीलाच नाकासमोर गोलकडे धावू नका. बचावाच्या रांगेला समांतर, आडवे पळा आणि पास सुटताना आत वळा. थ्रो-इनवर (बाहेर गेलेला बॉल हाताने आत फेकतात तेव्हा) तर ऑफसाइड नसतेच, तरी आपले फॉरवर्ड तेव्हाही रांगेच्या अलीकडे ताटकळत का उभे असतात, कोण जाणे!

५. कधी कधी दुसऱ्यासाठी पळा. १९७० च्या वर्ल्डकप फायनलमधला ब्राझीलचा चौथा गोल काढून बघा. उजव्या विंगचा जेर्झिन्हो डावीकडे गेला आणि त्याला मार्क करणारा, म्हणजे त्याच्यावर पहारा ठेवणारा, इटलीचा फाकेट्टी त्याच्या मागोमाग तिकडे ओढला गेला. उजवी बाजू ओस पडली. पेलेने अगदी सावकाश, न बघितल्यासारखा बॉल तिकडे सरकवला आणि मागून धावत आलेल्या कार्लोस आल्बेर्तोने तो जाळ्यात मारला.

बचाव करताना

याच गोलकडे आता इटलीच्या बाजूने बघा. फाकेट्टीने आपला माणूस सोडला नाही, पण त्याने सोडलेली जागा कोणीच भरली नाही. शेजारचा डिफेंडर ओढला गेला की तुम्ही आत सरका. दूरच्या टचलाइनवरचा (मैदानाच्या लांब कडेच्या रेषेवरचा) खेळाडू थोडा मोकळा राहिला तरी चालेल. गोलसमोरची जागा मोकळी राहता कामा नये.

उभं राहायचं ते आपला माणूस आणि आपला गोल यांच्या मधे, अंग अर्धवट वळवून, म्हणजे बॉल आणि माणूस दोन्ही दिसतात. बॉल लांब असेल तर माणसापासून थोडं अंतर ठेवा, जवळ येईल तसं कमी करा.

रांग पुढे न्यायची की मागे, हे बॉलवाल्याकडे बघून ठरवा. त्याच्या अंगावर आपला कोणी असेल किंवा त्याने पास मागे दिला असेल, तर सगळ्यांनी मिळून पुढे या. तो मोकळा असेल, मान वर करून बघत असेल, तर मागे सरा. एकटाच मागे राहिलात तर रांग पुढे नेऊन समोरच्याला ऑफसाइड पाडायचा सापळा तुमच्यामुळेच फसेल, म्हणून तोंड चालू ठेवा: ‘वर या’, ‘मागे’, ‘डावीकडे माणूस’.

सराव

तीन विरुद्ध तीन खेळा. नियम एकच: पास दिल्यावर जागचा हलला नाही, तर बॉल समोरच्या टीमला. मैदान छोटं ठेवा, नाहीतर सगळे नुसतेच पळत सुटतात.

शिवाय टीव्ही सोडून कोल्हापूरचं शाहू स्टेडियम किंवा मुंबईचं कूपरेज गाठा. कॅमेरा बॉलमागे फिरतो, त्यामुळे हे सगळं पडद्यावर निम्मंही दिसत नाही. गॅलरीत वर बसा, एक स्ट्रायकर आणि त्याला मार्क करणारा डिफेंडर निवडा आणि दहा मिनिटं बॉल कुठेही गेला तरी त्या दोघांवरून नजर हलवू नका.