जेसीबी-पोकलेनचं सर्टिफिकेट काढताय? या चुका टाळा

साइटवर ऑपरेटरची ट्रायल घ्यायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. पोरगा येतो, लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट पुढे करतो. मी म्हणतो, "ठेव ते. मशीन चालू कर." बहुतेक जण तडक केबिनमध्ये चढून चावी फिरवतात. माझ्या लेखी ट्रायल तिथंच निम्मी संपते.

चावीच्या आधी मशीनभोवती एक फेरी मारायची असते. इंजिन ऑइल, कूलंट, हायड्रॉलिक ऑइलची पातळी, टायर, बकेटचे दात, पिना, खाली तेल सांडलंय का, सगळं बघायचं. परीक्षा घ्यायला येणारा असेसरही हेच बघतो. हात चांगला असूनही पोरं इथं मार्क घालवतात. तोंडी प्रश्नही साधेच असतात. होजमधून (तेलाच्या रबरी नळीतून) तेल गळतंय, कसं शोधशील? "हात फिरवून," असं उत्तर आलं की मला धडकी भरते. दाबाखालचं तेल कातडी भेदून आत शिरतं. वरून टाचणी टोचल्याएवढंच दिसतं, पण बोट जाऊ शकतं. पुठ्ठ्याचा तुकडा धरून शोधायचं, आणि तेलाची धार अंगाला लागलीच तर थेट दवाखाना गाठायचा.

आता कागदांचा घोळ. सर्टिफिकेट म्हणजे लायसन्स नव्हे, हे कितींदा सांगितलं तरी कमीच. इन्फ्रास्ट्रक्चर इक्विपमेंट स्किल कौन्सिलचं सर्टिफिकेट सांगतं की तुम्हाला काम येतं. मशीन रस्त्यावर काढायला आरटीओचं लायसन्स लागतं, आणि त्यावर त्या वर्गाची नोंद हवी. कारचं लायसन्स दाखवून जेसीबी गावातून नेणारे खूप आहेत. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत रबरी टायरचा बॅकहो लोडर, म्हणजे आपला जेसीबी, 'बांधकाम उपकरण वाहन' म्हणून येतो. लायसन्स नसताना पकडलं तर चालवणाऱ्याला ५,००० रुपये दंड, आणि चालवायला देणाऱ्या मालकालाही तेवढाच. खरा फटका अपघात झाल्यावर विम्यात बसतो. चेनवरचं पोकलेन, म्हणजे एक्स्कॅव्हेटर, मात्र रस्त्यावर चालवतच नाहीत, ते ट्रेलरवर चढवून नेतात.

लायसन्सची मुदत संपली असेल तर वर्षाच्या आत नूतनीकरण करून घ्या. वर्ष उलटलं की पुन्हा टेस्ट द्यावी लागते.

क्लास निवडताना 'सगळ्या मशीनचं एकच सर्टिफिकेट, सात दिवसांत' असा बोर्ड दिसला तर पुढे चालू लागा. बॅकहो लोडर वेगळा, एक्स्कॅव्हेटर वेगळा, तसंच सर्टिफिकेटही वेगळं. माझ्या मावसभावानं असंच एका ठिकाणी पैसे भरले. पंधरा पोरांत एक मशीन, तेही अर्धा वेळ डिझेलवाचून उभं. म्हणून फी विचारण्याआधी हे विचारा: एका मशीनवर किती जण, आणि सीटवर मी स्वतः किती तास बसणार? सिम्युलेटर लिव्हरची सवय लावायला ठीक, पण बकेट खडकाला टेकली की मशीन कसं उचललं जातं ते सीटवर बसूनच कळतं.

हेल्पर म्हणून सुरुवात करून उस्तादाच्या हाताखाली तयार झालेल्यांची चूक उलटी. ते पुन्हा पूर्ण कोर्सला बसतात. त्यांच्यासाठी आरपीएल आहे, म्हणजे आधीच्या अनुभवाची परीक्षा घेऊन सर्टिफिकेट. फक्त "पाच वर्षं चालवलंय" हे तोंडी सांगून भागत नाही. मालकाकडून मशीनचं मॉडेल आणि कामाचा काळ लिहिलेलं पत्र घेऊन ठेवा, भांडण होऊन काम सोडायच्या आधी.

नव्या मशीनवर अनुभवी हातही फसतो. लिव्हरची रचना बदलली की बूम (मशीनला जोडलेला मोठा हात) उचलायला जावं तर आर्म (बकेटकडचा पुढचा हात) हलतो. मोकळ्या जागी, हळू, एकेक लिव्हर हलवून पाहा. ट्रायलला कुणी हसत नाही. आणि बॅकहो रस्त्यावर काढताना डाव्या-उजव्या चाकांची दोन्ही ब्रेक पेडल एकत्र लॉक करा. सुटी राहिली नि घाईत एकच दाबलं, की मशीन एका बाजूला खेचलं जातं.

चंद्रपूर-वणीच्या खाणीत जायचं असेल तर यातलं काहीच पुरेसं नाही. तिथं व्यावसायिक प्रशिक्षण आणि वैद्यकीय तपासणी वेगळी.

आखातात जाणाऱ्यांनी इथल्या सर्टिफिकेटवर विसंबू नये, तिकडे बहुतेक पुन्हा परीक्षा होते. दहावी पास नसाल तर पासपोर्ट ईसीआर (एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड) असतो, आणि मग एमिग्रेशनची, म्हणजे कामासाठी देशाबाहेर जायची, सरकारी परवानगी काढावी लागते. एजंट ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर नोंदलेला आहे का ते बघा. त्याला सेवा शुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी घेता येतो. लाख मागितले तर उठून या. आणि अर्ज भरायच्या आधी आधार, पासपोर्ट, सर्टिफिकेट तिन्ही शेजारी ठेवून नावाचं स्पेलिंग जुळवा. एका ठिकाणी वडिलांचं नाव मधे, दुसरीकडे गायब, एवढ्यावर अडकून पडलेला माणूस मी पाहिलाय.