सर्व्हिंग नेमकी किती ग्रॅमची? पाकिटावरचा आकडा आणि आपल्या वाटीतले वजन

पाकिटबंद खाद्यपदार्थाच्या मागे पोषणमूल्यांचा जो तक्ता छापलेला असतो, त्यात सर्व्हिंगचा, म्हणजे एका वेळी खायच्या प्रमाणाचा, उल्लेख असतो आणि बहुतेकांची नजर आधी तिथेच जाते, कारण तिथले आकडे लहान असतात आणि लहान आकडा वाचला की जीव निश्चिंत होतो. ती सर्व्हिंग किती ग्रॅमची धरायची हे मात्र उत्पादक ठरवतो. आपण वाटीत किती ओतून घेतो हे त्याला ठाऊक नसते, आणि बहुतेक वेळा आपल्यालाही ठाऊक नसते. गोव्यातल्या घरांनी तरी हा हिशेब एकदा नीट करून पाहायलाच हवा, असे मला मनापासून वाटते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण, २६.४ टक्के, गोव्यातच आढळले होते. ज्या घरात साखरेची किंवा रक्तदाबाची गोळी रोज घेतली जाते, तिथे वीस ग्रॅम आणि पन्नास ग्रॅम यांतला फरक किरकोळ राहत नाही.

आधी तक्ता कसा वाचायचा ते पाहू. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, म्हणजे एफएसएसएआयच्या, २०२० च्या लेबलविषयक नियमांनुसार ऊर्जा, मेद, साखर, सोडियम वगैरेंचे आकडे साधारणपणे दर १०० ग्रॅमला किंवा १०० मिलीलिटरला द्यावे लागतात आणि एका सर्व्हिंगमधून दिवसाच्या गरजेचा किती टक्के भाग मिळतो हेही सांगावे लागते. ही टक्केवारी काढताना प्रौढ माणसाची दिवसाची गरज २,००० किलोकॅलरी, ६७ ग्रॅम मेद, त्यांपैकी २२ ग्रॅम संपृक्त मेद, ५० ग्रॅम वरून घातलेली साखर आणि २,००० मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे ५ ग्रॅम मीठ, अशी धरलेली असते. यांतला १०० ग्रॅमचा रकाना आपल्या कामाचा, कारण तो सर्व पाकिटांवर एकाच मापाचा असतो. टक्केवारी मात्र सर्व्हिंगवर बेतलेली असल्यामुळे सर्व्हिंग लहान धरली की तीही लहान दिसते.

या कामाला एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा साधा डिजिटल काटा पुरतो. तो सपाट, टणक ओट्यावर ठेवावा आणि वजन करताना डोक्यावरचा पंखा बंद करावा, कारण वाऱ्याच्या झोताने हलक्या वजनाचे आकडे डळमळतात. काटा बरोबर आहे की नाही हे पाहण्यासाठी दहा रुपयांची दहा नाणी एकत्र ठेवावीत. त्यांचे वजन ७७ ग्रॅमच्या आसपास यायला हवे. रिकामी वाटी काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणायचा आणि मग पदार्थ घालायचा, एवढीच पद्धत आहे. पावसाळ्यात आपल्याकडची हवा इतकी दमट असते की उघडा राहिलेला चिवडा किंवा पापड पाणी शोषून जड होतो, त्यामुळे वजन पाकीट फोडल्याबरोबर केलेले बरे.

पहिल्या वेळी सवय बदलू नये, ही या कामातली सगळ्यात महत्त्वाची सूचना आहे. घरात जो माणूस नेहमी वाढतो त्यानेच वाढावे, नेहमीचीच वाटी घ्यावी, आणि काट्यावरचा आकडा वाढून झाल्यावरच पाहावा. समोर आकडा दिसत असताना हात आपोआप आखडतो आणि मग मिळते ते सवयीचे वजन नसते. समजा शेवेच्या २०० ग्रॅमच्या पाकिटावर सर्व्हिंग २० ग्रॅम लिहिली आहे आणि दर १०० ग्रॅमला ५६० किलोकॅलरी व ८०० मिलिग्रॅम सोडियम आहे. छापील हिशेबाने एका सर्व्हिंगमध्ये ११२ किलोकॅलरी आणि दिवसाच्या मर्यादेच्या ८ टक्के सोडियम येते. आता चहाबरोबर घेतलेली वाटी ५२ ग्रॅम भरली, तर त्याच वाटीत २९१ किलोकॅलरी आणि ४१६ मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे २१ टक्के, सोडियम असते. पाकिटात दहा सर्व्हिंग आहेत असे उत्पादक म्हणतो आणि चौघांच्या घरात ते एका संध्याकाळी संपते, हे आपल्यापैकी कोणाला माहीत नाही? हिशेबाचे सूत्र एकच आहे: आपल्या वाटीचे ग्रॅम गुणिले १०० ग्रॅममागचा आकडा, भागिले १००.

काजूच्या बाबतीत वजनाचा अंदाज पाकिटावरूनच बांधता येतो आणि गोव्यात राहून ही गोष्ट माहीत नसणे बरे नव्हे. डब्ल्यू-१८०, डब्ल्यू-२४०, डब्ल्यू-३२० ही प्रतवारी म्हणजे एका पौंडात, ४५४ ग्रॅममध्ये, जास्तीत जास्त किती अख्खे गर बसतात याचीच मोजणी असते. त्यामुळे डब्ल्यू-३२० चा एक गर सुमारे १.४ ग्रॅमचा, डब्ल्यू-२४० चा १.९ ग्रॅमचा आणि डब्ल्यू-१८० चा २.५ ग्रॅमचा असतो. ३० ग्रॅमची सर्व्हिंग पहिल्या जातीत २१ गरांची, दुसरीत सोळाची आणि तिसरीत फक्त बाराची होते. काजूत दर १०० ग्रॅमला साडेपाचशे ते सहाशे किलोकॅलरी असतात. मोठ्या माणसाने बरणीत हात घालून काढलेली मूठ वजन केल्यावर अनेकदा ४० ग्रॅमच्या पुढे जाते, आणि पाहुण्यांसमोर ठेवलेल्या बशीत कोणी एकाच मुठीवर थांबत नाही. आपण घेतो त्या जातीचे ३० ग्रॅम एकदा मोजून ठेवले की पुढे काट्याची गरज उरत नाही, नुसते गर मोजले तरी चालते.

तांदूळ, डाळ, ओट्स, पास्ता यांच्या लेबलवरचे आकडे एरवी कच्च्या मालाचे असतात आणि ताटात येतो तो शिजलेला. इथे गोंधळ दोन्ही दिशांनी होतो. शिजलेला २५० ग्रॅम भात कच्च्याच्या आकड्याने मोजला तर माणूस घाबरून जातो. उलट, लेबलवरची ५० ग्रॅमची सर्व्हिंग मनात धरून भात वाढणारा किती वाढतो आहे याचा त्याला पत्ता नसतो. उपाय असा. रिकाम्या टोपाचे वजन आधी लिहून ठेवावे. मग समजा उकडे तांदूळ ३०० ग्रॅम मोजून घेतले, नेहमीसारखे शिजवले, वरचे पाणी गाळले, आणि टोपासह वजन करून टोपाचे वजन वजा केल्यावर भात ८४० ग्रॅम भरला. ८४० भागिले ३०० म्हणजे २.८. आपल्या घरच्या भाताचा हा गुणक झाला. ताटातला २८० ग्रॅमचा ढीग १०० ग्रॅम कच्च्या तांदळाचा, म्हणजे साधारण ३५० किलोकॅलरींचा; लेबलवरच्या दोन सर्व्हिंग. हा गुणक प्रत्येक घरी वेगळा येतो, कारण कोणी भात मोकळा करतो, कोणी मऊ, आणि पेजेसाठी पाणी किती ठेवायचे हेही ज्याचे त्याचे असते. शेजारणीचा गुणक उसना घेऊ नये.

द्रव पदार्थांत मिलीलिटर आणि ग्रॅम यांची गल्लत फार होते. खाद्यतेलाच्या एक लिटरच्या पिशवीवर ९१० ग्रॅम असेही छापलेले असते, कारण तेल पाण्यापेक्षा हलके असते. साखरेचा दाट पाक मात्र पाण्यापेक्षा जड. पासष्ट टक्के साखरेच्या पाकाचे ३० मिलीलिटर वजनाने ४० ग्रॅमच्या घरात जातात आणि त्यांत सुमारे २६ ग्रॅम साखर असते, म्हणजे दिवसाच्या ५० ग्रॅमच्या निम्मी. म्हणून अमृत कोकमच्या बाटलीवरचा तक्ता १०० मिलीलिटरचा आहे की १०० ग्रॅमचा हे आधी पाहावे, आणि मग पेल्यात पाक किती पडतो ते पाणी घालण्यापूर्वी वजन करून पाहावे. उन्हाळ्याच्या दुपारी हात सढळ असतो. सोलकढीच्या आगळात, म्हणजे कोकमाच्या दाट रसात, साखर नसली तरी मीठ असते, तिथे सोडियमची ओळ वाचावी. आइस्क्रीममध्ये प्रकार उलटा आहे. ते आकारमानाने विकले जाते, आणि त्यात हवा मिसळलेली असल्यामुळे लिटरचे वजन किमान ५२५ ग्रॅम असावे एवढीच नियमाची अट आहे. १०० मिलीलिटरचा कप म्हणजे १०० ग्रॅम असे समजणारा माणूस आकडा बराच जास्त धरतो.

फोडणीचे तेल मोजायला सोपी युक्ती आहे. तेलाची बाटली काट्यावर ठेवून शून्य करावी, नेहमीसारखे तेल ओतून बाटली परत काट्यावर ठेवावी; उणे चिन्हासह जो आकडा दिसेल तेवढे ग्रॅम तेल कढईत गेले. दर ग्रॅमला ९ किलोकॅलरी धराव्यात. सपाट भरलेल्या १५ मिलीलिटरच्या चमच्यात जेमतेम १४ ग्रॅम तेल मावते. तूप, पीनट बटर, जॅम यांनाही हीच वजाबाकी लागू पडते, आणि तिथे शिगोशीग चमचा हा सपाट चमच्याच्या दुपटीवर सहज जातो.

बिस्किटे आणि ब्रेड यांची सर्व्हिंग नगावर लिहिलेली असते आणि तरीही वजन जुळत नाही. याचे कारण यंत्रात आहे. पाकीट छापील वजनापेक्षा कमी भरले तर उत्पादकावर कारवाई होऊ शकते, जास्त भरले तर होत नाही, म्हणून यंत्र थोडे जास्तीकडे लावलेले असते. शिवाय भाजणीत एक नग दुसऱ्यासारखा येत नाही. एक बिस्किट वजन करून उपयोग नाही. दहा एकत्र ठेवावीत आणि दहाने भागावे.

आपल्या अनेक घरांत दुबईहून, इंग्लंडहून किंवा अमेरिकेहून आलेले डबे फडताळात असतात. युरोपच्या लेबलवर १०० ग्रॅमचा रकाना सक्तीचा आहे, अमेरिकेच्या लेबलवर मात्र बहुधा सर्व्हिंगचाच असतो. तिथे सर्व्हिंगचे ग्रॅम कंसात शोधावेत, पोषणाचा आकडा त्यांनी भागावा आणि १०० ने गुणावा. अमेरिकेत सर्व्हिंग लोक प्रत्यक्षात किती खातात यावर ठरवण्याचा कायदा आहे. म्हणूनच २०१६ मध्ये आइस्क्रीमची सर्व्हिंग अर्ध्या कपावरून दोन-तृतीयांश कपावर आणि शीतपेयाची ८ औंसांवरून १२ औंसांवर नेली गेली. तरीही पळवाट उरतेच. तव्यावर फवारायच्या तेलाच्या डब्यावर सर्व्हिंग पाव ग्रॅमची असते, आणि सर्व्हिंगमध्ये पाचपेक्षा कमी कॅलरी असतील तर शून्य लिहिता येते. डब्यात असते ते मुख्यतः तेलच.

पोदेराकडचा, म्हणजे गोव्यातल्या पाववाल्याकडचा, पाव आणि उंडो, पोई हे पावाचे प्रकार यांना लेबलच नसते. आपल्या पोदेराकडची चार पोई एकत्र वजन करून सरासरी काढावी आणि तीच वापरावी, दुसऱ्या गावच्या भट्टीतल्या पोईला ती लागू होणार नाही. गोठवलेल्या कोळंबीवर बर्फाचा थर असतो, तेव्हा ती वितळवून, निथळून मगच काट्यावर ठेवावी.

हे सगळे रोज करायचे नाही, आणि मुलांच्या ताटाशी तर काटा नेऊच नये. नेहमीचा एकेक पदार्थ वेगवेगळ्या दिवशी दोन-तीनदा मोजून सरासरी काढली, ती फडताळाच्या दाराच्या आतल्या बाजूस कागदावर लिहून चिकटवली आणि वाटीत ३० ग्रॅम कुठवर येतात ते डोळ्यांनी पाहून ठेवले, की काम भागते. मोठे पाकीट फोडल्याबरोबर लहान डब्यांत भागून ठेवण्याचा उपाय मला सर्वांत परिणामकारक वाटतो, कारण तिथे इच्छाशक्तीची परीक्षा होत नाही. मधुमेहासाठी इन्सुलिन घेणाऱ्यांनी आपल्या वजनांचा कागद डॉक्टरांना किंवा आहारतज्ज्ञांना दाखवावा आणि खाण्याचे प्रमाण त्यांच्या सल्ल्यानेच बदलावे.

वजन करताना एखादे न फोडलेले पाकीटच हलके वाटले, तर वेष्टनाचे वजन वजा करून पाहावे. छापील निव्वळ वजनात वेष्टन धरलेले नसते. वजनमापे कायद्याच्या २०११ च्या पाकीटबंद वस्तूंच्या नियमांत एकेका पाकिटाला थोडी सूट आहे: १०० ते २०० ग्रॅमला साडेचार टक्के, ५०० ते १,००० ग्रॅमला १५ ग्रॅम. म्हणजे २०० ग्रॅमचे एखादे पाकीट १९१ ग्रॅम भरले तर ते नियमात बसते, पण पूर्ण लॉटची सरासरी छापील वजनाखाली जाता कामा नये. घरचा काटा हा पुरावा ठरत नाही. तूट त्याहून मोठी दिसली तर पाकीट न फोडता, बिलासह, राज्याच्या वजनमापे खात्याकडे न्यावे किंवा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी, आणि त्या वेळी बॅच क्रमांक व उत्पादनाची तारीख हाताशी ठेवावी.