गावागावच्या साइट एकमेकांत शोधता याव्यात म्हणून काय करायचं

समजा भिलवडीतल्या कुणी २०१९ च्या पुराचे फोटो आपल्या साइटवर ठेवलेत, मिरजेतल्या सतार बनवणाऱ्यांची माहिती दुसऱ्या साइटवर आहे आणि तासगावकडच्या द्राक्षवाल्यांची तिसरीच. आता शोधणाऱ्याला तिन्ही पत्ते माहीत असायला पाहिजेत, हे कुठलं होतंय? कुठल्याही एका साइटवर शब्द टाकला की तिन्हीकडचं निघालं पाहिजे, आणि ते फार खर्च न करता जमतं.

आधी सगळ्यांनी बसून ठरवायचं की काय शोधात दाखवायचं आणि काय नाही. सभासदांचे फोन नंबर, पूरग्रस्तांच्या याद्या असलं काही बाहेर जाऊ देऊ नका, हे मी कळकळीनं सांगतोय.

मग जोडणी. साइट वर्डप्रेसवर, म्हणजे साइट बनवायच्या त्या सॉफ्टवेअरवर, असेल तर निम्मं काम झालेलंच आहे, कारण ४.७ आवृत्तीपासून, म्हणजे डिसेंबर २०१६ पासून, त्यात रेस्ट एपीआय (एका प्रोग्रॅमनं दुसऱ्याकडून माहिती मागायची सोय) आतच येतो आणि त्याला शब्द दिला की जुळणारे लेख तो परत देतो, एका वेळी १०, मागितले तर १०० पर्यंत. तुमच्या साइटनं तो शब्द बाकीच्यांना एकदमच विचारायचा, एकामागून एक नाही, आणि ३ सेकंदांत उत्तर आलं नाही तर त्या साइटला सोडून पुढं जायचं, नाहीतर एकीचा सर्व्हर झोपला की सगळ्यांचाच शोध अडकतो. आलेली उत्तरं ५ मिनिटं साठवून ठेवा, म्हणजे लहान सर्व्हरवर ताण येत नाही. यादी लावताना प्रत्येक साइटचा एक-एक निकाल आलटून पालटून घ्या, कारण कुठला निकाल किती जुळतो याचे एकीनं दिलेले गुण दुसरीच्या गुणांशी जुळत नाहीत. निकालाखाली साइटचं नाव पाहिजेच, ज्यानं लिहिलं त्याच्याकडंच वाचणारा गेला पाहिजे.

खरी मेहनत मराठीची आहे. वर्डप्रेसच्या शोधात 'पूर' टाकून बघा, कोल्हापूर आणि इस्लामपूर निघतात पण 'पुराचं पाणी' निघत नाही, कारण तो नुसती अक्षरं जुळवतो आणि इथं दीर्घ ऊचा ऱ्हस्व झालाय. ऊस आणि उसाला, तीच गत. म्हणून प्रत्येक लेखाची शोधापुरती एक वेगळी प्रत करा, तीत ऱ्हस्व-दीर्घ एकच धरा, शब्दाच्या शेवटचे चा, ची, ला, वर असले प्रत्यय काढा, प्रत्ययाआधी आलेला आ-सुद्धा (नाहीतर 'पुरा', 'उसा' उरतं), आणि पूर्ण शब्दच जुळवा. ॲ हे अक्षर काहीजण एका खुणेनं लिहितात, काहीजण अ वर चंद्र देऊन, आणि 'कृष्णा खोऱ्यात' मधला ऱ्यासुद्धा दोन पद्धतींनी टाइप होतो, दिसायला तेच पण कॉम्प्युटरला वेगळं, तर हेही एकसारखं करून घ्या. शोधणाऱ्यानं टाकलेल्या शब्दालाही हेच नियम लावायचे, हे बरेचजण विसरतात. युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवायच्या आताच्या पद्धतीच्या, आधीच्या फाँटमधला मजकूर असेल तर तो आधी बदलून घ्यावाच लागतो, आत इंग्रजी अक्षरंच असतात.

कुणी लेख काढून टाकला तर साठवलेल्या प्रतींतूनही तो जायला पाहिजे, त्यासाठी रोज रात्री एक फेरी लावा. आणि ज्या शब्दांना एकही निकाल आला नाही ते नोंदवत चला (कुणी शोधलं ते नको, फक्त शब्द), महिन्यातून एकदा चौघांनी मिळून ती यादी बघायची, हळद आणि हळकुंड अशा जोड्या त्यातूनच सापडतात, त्या जोडून टाकायच्या.